इमामसाहेबांना आलेली मराठी नोटीस

२०२२ च्या उन्हाळ्यात मशिदींवरच्या भोंग्यांवरून राज्यभर वातावरण तापले होते. मी तेव्हा पुलगावला आईवडिलांकडे राहून घरूनच कंपनीचे काम करत होतो. एका दुपारी, जोहरची नमाज आटोपल्यावर, आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे इमाम दारात उभे राहिले. कुर्त्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून म्हणाले, "इंजिनियर साब, थाने से आया है. जरा देख लीजिए क्या लिखा है."

कागद मराठीत होता. ध्वनिप्रदूषण नियम २००० चा हवाला, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, परवानगीसाठी अर्ज करावा, एवढेच. धमकी नव्हती, गुन्हा नव्हता. पण मौलाना तो कागद दोन दिवस खिशात घेऊन फिरत होते. वाचता येत नव्हता, आणि कमिटीला दाखवला तर 'तुमच्यामुळे आला' असे कुणी म्हणेल याची भीती. मी वाचून दाखवला, अर्ज लिहून दिला, त्यांनी खाली उर्दूत सही केली. चहा घेताना म्हणाले, "आठ साल पढ़ा हूँ, मगर ये दस लाइन नहीं पढ़ सका."

बिहारच्या सीमांचल भागातला हा तिशीतला माणूस. पूर्ण कुरआन तोंडपाठ. बाराव्या शतकातला 'हिदाया' हा हनफी कायद्याचा ग्रंथ, त्यातली जेर-जबर नसलेली अरबी, सरसर वाचणारा. मराठी त्यांना शिकवली कुणी? कुणीच नाही. आणि त्यांना नेमताना आम्ही विचारले का? तेही नाही. आम्ही विचारले ते एवढेच: हाफिज आहेत का, तजवीद कशी आहे, आवाज कसा आहे, तरावीह पढवाल का, आणि पगार किती घ्याल.

नोटिशीची अडचण तरी दहा मिनिटांत सुटली. दुसरी गोष्ट अजून सुटलेली नाही.

माझी भाची मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत होती. असरनंतर ती मकतबला जायची, तिथे नाझरा शिकायची, म्हणजे अर्थ न समजता अरबी वाचणे. शाळेत नागरिकशास्त्रात समानतेचा धडा झाला आणि तिने मकतबात मौलानांना विचारले, भावाला दोन वाटे आणि बहिणीला एक, असे का? ती मोडक्या हिंदीत विचारत होती, ते शुद्ध उर्दूत उत्तर देत होते. दोन वाक्यांनंतर त्यांचे उत्तर आटोपले: अल्लाहचा हुकूम आहे, जास्त सवाल करू नयेत. ती घरी आली आणि मला म्हणाली, "मामू, मौलानांना माहीतच नाही बहुतेक." मग तिने तोच प्रश्न मोबाइलला विचारला. मोबाइलवर कोण उत्तर देते, कोणत्या देशातून देते आणि कशासाठी देते, हे आपण सगळे जाणतो.

मी रात्री इशानंतर मौलानांकडे जाऊन हाच प्रश्न विचारला. त्यांनी अर्धा तास उत्तर दिले. मेहर कुणाची, बायकोमुलांच्या खर्चाची जबाबदारी कुणावर, हयातीत बापाला हिबा म्हणजे दानपत्र करून मुलीला देता येते का, मुलांमध्ये समान वाटणीबद्दल हदीसमध्ये काय आले आहे, हनफी आणि इतर मतांत फरक कुठे आहे, सगळे. त्यांचे सगळे उत्तर मला पटले असे नाही. काळ बदलला, कमावणाऱ्या मुली आल्या, त्यावर त्यांच्याकडे फारसे काही नव्हते. पण उत्तर होते आणि त्यावर वाद घालता येत होता. माझ्या भाचीला त्यातले काहीच मिळाले नाही, कारण ते ज्या भाषेत होते ती तिची नव्हती.

इमामांच्या तालमीवर आपल्याकडे बोलणे निघाले की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो मदरसे बंद करा. दुसरा म्हणतो, आमच्या मदरशांना हात लावू नका. आमच्या चळवळीतही पहिल्या सुराकडे झुकणारे मित्र आहेत. मला दोन्ही अपुरे वाटतात, आणि त्याचे कारण त्या अर्ध्या तासात आहे.

आपले बहुतेक इमाम ज्या अभ्यासक्रमातून येतात तो दर्से निजामी लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचे निधन १७४८ चे. अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, फिकह, उसूल, अकीद्यासाठी चौदाव्या शतकातल्या तफताजानींचे भाष्य, आणि देवबंदी मदरशांत शेवटच्या वर्षी दौरा-ए-हदीस, म्हणजे हदीसचे सहा मोठे संग्रह एका वर्षात. मी सॉफ्टवेअरवाला आहे. जुना कोड पाहून नाक मुरडणारे आमच्यात पुष्कळ असतात. वीस वर्षे चाललेला कोड फेकून देणारा बहुधा सहा महिन्यांनी तोच पुन्हा लिहीत बसतो, हे मी नोकरीत दोनदा पाहिले आहे. दर्से निजामीत तर्क आहे, मतभेद नोंदवण्याची शिस्त आहे. एकाच मसल्यावर अबू हनीफा काय म्हणतात आणि त्यांचेच शिष्य त्यांच्याविरुद्ध काय म्हणतात, हे त्यात शेजारी शेजारी वाचावे लागते. अडते ते बाहेर पडण्याच्या दारावर. आठ वर्षे शिकलेला आलिम ज्या जमातीपुढे उभा राहणार आहे तिच्याशी त्याची ओळख करून देणारा एक महिनासुद्धा त्यात नाही.

युरोपात सध्या हाच विषय सरकार दरबारी गाजतो आहे. जर्मनीत २०१० मध्ये तिथल्या विज्ञान परिषदेने विद्यापीठांत इस्लामी धर्मशास्त्राची केंद्रे काढण्याची शिफारस केली. म्युन्स्टर, ट्युबिंगन, फ्रँकफर्ट, ओस्नाब्रुक अशा ठिकाणी ती निघालीही. पण पदवीधर मशिदीकडे फारसे वळले नाहीत. शाळेत धर्मशिक्षक झाले, समाजकार्यात गेले. मशिदीत पगार कमी, हे कारण तिथेही आहेच. मग २०२१ मध्ये ओस्नाब्रुकला इस्लामकोलेग नावाची संस्था सुरू झाली. धर्मशास्त्र आधीच शिकलेल्यांना तिथे दोन वर्षे जर्मन भाषेतून प्रवचन, समुपदेशन, आजाऱ्यांची आणि कैद्यांची विचारपूस, मंडळाचा कारभार शिकवतात. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तानात ठरले की तुर्की सरकारचे पगारी इमाम टप्प्याटप्प्याने बंद करायचे आणि दरवर्षी शंभर इमाम जर्मनीतच तयार करायचे. फ्रान्सने २०२४ च्या जानेवारीपासून परदेशी सरकारांनी पाठवलेले नवे इमाम घेणे थांबवले.

हे वाचून आपल्याकडचे काही मित्र म्हणतात, बघा, सरकारने असे करायला हवे. मी नाही म्हणतो. युरोपातल्या या धोरणांमागे भाषेची काळजी आहे तशी पोलिसी काळजीही आहे, आणि दुसरी नेहमी पहिलीचा हात धरून आत येते. सिंगापूरमध्ये धर्मशिक्षकांची नोंदणी २००५ मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाली. २०१७ पासून ती सक्तीची आहे. कुणाला मिंबरवर उभे राहू द्यायचे याचे प्रमाणपत्र आमच्या पोलीस ठाण्यातून निघावे अशी माझी इच्छा नाही. आमच्याकडे राज्यघटनेनेही रेघ आखली आहे: कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्माचे शिक्षण देता येत नाही. आणि ५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा टिकवला, पण मदरसा बोर्डाच्या कामिल आणि फाजिल या पदव्या मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत ठरवल्या.

आणि खरे तर ज्या प्रश्नावर युरोप आत्ता डोके खाजवतो आहे, तो हिंदुस्थानच्या मुसलमानांनी दीडशे वर्षांपूर्वी सोडवून दाखवला होता. राज्य आपले नाही, बादशाही खजिना नाही, तरी इमाम आणि आलिम कसे घडवायचे? १८५७ नंतर नऊ वर्षांनी, १८६६ मध्ये देवबंद उभे राहिले. मौलाना कासिम नानौतवींनी त्याची जी आठ तत्त्वे लिहिली त्यांत स्पष्ट आहे की सामान्य लोकांच्या लहान चंद्यावर संस्था चालावी आणि सरकारचा व अमीरांचा हात त्यात नसलेलाच बरा. मुस्लिम अल्पसंख्य असलेल्या देशात, सरकारपासून स्वतंत्र, गरिबांच्या पैशावर धर्मशिक्षण. आर्थिक स्वातंत्र्याचा हा धडा जर्मनांनी आपल्याकडून घ्यावा. आपण त्यांच्याकडून घ्यायचा तो शेवटच्या दोन वर्षांचा, म्हणजे भाषेचा आणि लोकांत वावरण्याचा.

भाषा बदलली तर मजहब पातळ होतो, ही भीती मी आमच्या कमिटीत ऐकली आहे. तिला उत्तर देवबंदच्याच परंपरेत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या दारुल उलूममध्ये तोच दर्से निजामी आज इंग्रजीतून शिकवतात. तिथे कुणाचा ईमान पातळ झाल्याचे कुणी म्हणत नाही. उलट सुट्टीत आलेल्या तिथल्या आलिमांना आपण बयानाला बोलावतो. केरळात तर १९५१ पासून समस्तचे शिक्षण मंडळ मल्याळी मुलांना मल्याळममधून धर्म शिकवते आहे. हजारो मकतब, ठरलेली पाठ्यपुस्तके, वार्षिक परीक्षा, शाळेच्या वेळेला धक्का न लावणारे तास. चेम्माडचे दारुल हुदा १९८६ पासून एकाच विद्यार्थ्याला फिकहही शिकवते आणि विद्यापीठाची पदवीही घ्यायला लावते. मल्याळमला जे जमते ते मराठीला जमत नाही, असे भाषेत तर काही नाही.

मराठीत ते चारशे वर्षांपूर्वीच जमले होते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर पवनारला विनोबा अरबी शिकून कुरआन वाचत बसले आणि 'कुराण-सार' काढले. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. कुरआनचे मराठी अनुवाद आज छापील मिळतात. म्हणजे मुसलमान मराठीत लिहितो, भांडतो, कविता करतो, कोर्टात जातो. फक्त मिंबरवर मराठी चढत नाही.

इथे उर्दूबद्दल गैरसमज नको. उर्दू माझ्या आजीची भाषा आहे, घरात आम्ही जे बोलतो ते तिचेच वऱ्हाडी पाणी प्यालेले रूप आहे. उर्दू शाळा टिकाव्यात. पण ज्या घरांतली मुले मराठी किंवा इंग्रजी माध्यमात गेली आहेत त्यांना उर्दू लिपी येत नाही, हे मान्य करायला लाज कशाची? आणि मी जुम्म्याचा अरबी खुतबा बदला असेही म्हणत नाही. त्याआधी वीस मिनिटांचे बयान असते. त्यातली पाच मिनिटे मराठीत झाली तर मागच्या ओळीत मोबाइल चाळणारी मुले मान वर करतील. शिवाय बाहेर रस्त्यावर भोंग्यातून ऐकणाऱ्या शेजाऱ्यालाही कळेल की आत शेजाऱ्याच्या हक्कांबद्दलच बोलणे चालले आहे. (भोंगा ५५ डेसिबलच्या आतच ठेवून, अर्थात.)

भाषेइतकाच कायदा महत्त्वाचा. इमाम निकाह लावतो, तलाकचा कागद पहिल्यांदा त्याच्याकडेच येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये शायरा बानो खटल्यात तिहेरी तलाक रद्द झाला, २०१९ मध्ये तो गुन्हा ठरला, हे बहुतेक मौलानांना ऐकून माहीत आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, २००२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात सांगितले होते की तलाकला कारण हवे आणि त्याआधी दोन्हीकडच्या माणसांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला हवा. तो आधार न्यायाधीशांनी कुरआनातूनच घेतला होता. ही रहीमबी मराठवाड्यातली. तिच्या खटल्याबद्दल मी चार इमामांना विचारले, चौघांनीही ऐकले नव्हते. ज्याच्या एका शब्दावर एखादी बाई घरात राहते किंवा माहेरी जाते, त्याला आपल्याच राज्यातला हा निकाल माहीत नसावा?

राहिली पैशाची गोष्ट, आणि ती सगळ्यात अवघड आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या शिक्षकांचे मानधन वाढवले: डी.एड. शिक्षकांचे ६,००० वरून १६,०००, बी.एड. शिक्षकांचे ८,००० वरून १८,०००. गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांसाठीचा हा पैसा, तो तिथेच जायला हवा. पण धर्म शिकवणाऱ्याचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये वक्फ बोर्डांनी इमामांना मानधन द्यावे असे सांगितले, तरी आमच्यासारख्या लहान, चंद्यावर चालणाऱ्या मशिदीत पगार कमिटीच्या वहीतच ठरतो. आमच्या मौलानांना नऊ हजार मिळत. त्यात राहायला मशिदीमागची एक खोली, जेवण घराघरांतून पाळीने. नेमणुकीचा कागद नाही. ईदनंतर काढले तर विचारणार कोण? असा माणूस मुतवल्लीच्या मुलाच्या लग्नातल्या हुंड्यावर बयान कसा करेल? आपण त्याच्याकडून निर्भयपणा मागतो आणि त्याचे जेवण मात्र पाळीवर ठेवतो.

म्हणून माझी सूचना लहान आहे, आणि ती सरकारला नाही, आपल्याला आहे. अक्कलकुव्यासारख्या मोठ्या संस्थांकडे मी बोट दाखवत नाही. मौलाना वस्तानवींनी १९७९ पासून तिथे मदरशाबरोबर तंत्रशिक्षणाची महाविद्यालये उभी करून खूप मोठे काम केले. पण आमचे मौलाना आता विद्यार्थी नाहीत, त्यांना कुठे वर्षभर पाठवता येणार नाही. पाच वेळा नमाज पढवणाऱ्याला सुट्टी नसते. फजर आणि जोहरच्या मधे मात्र त्याच्याकडे सहा-सात तास असतात. पुलगाव, देवळी, आर्वी, हिंगणघाट इथून वर्ध्याला एसटीने सकाळी जाऊन जोहरला परत येता येते. आठवड्यातून एक दिवस, साडेआठ ते साडेअकरा, सहा महिने. म्हणजे २६ दिवस, ७८ तास.

यातले अर्धे तास मराठी: आधी वाचणे, मग अर्ज लिहिणे, मग पाच मिनिटे बोलणे. उरलेल्यात विवाह, पोटगी, वारसा यांचे कायदे एखाद्या वकीलबाईंनी शिकवावेत; व्यसन, नैराश्य, घरातली मारहाण यावर समुपदेशकाने बोलावे. धर्मशास्त्र आम्ही शिकवायचे नाही. ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त येते. पण प्रत्येक वेळी एक प्रश्न मुलांकडून आलेला असावा, माझ्या भाचीसारख्यांचा, आणि त्याचे उत्तर त्यांनी आपल्या ग्रंथांतून काढून मराठीत मांडावे. मसलक कोणताही असो. आणि वर्गात आलिमा म्हणून शिकून आलेल्या मुलींनाही बोलवावे. मालेगावच्या जामिअतुस्सालिहातसारख्या मदरशांतून मुली कित्येक दशके बाहेर पडत आहेत. त्या घरी बसून आहेत आणि मोहल्ल्यातल्या बायका पाळी-तलाक-वारशाचे प्रश्न पुरुष इमामाला पडद्याआडून, नवऱ्यामार्फत विचारत आहेत.

खर्च मी मांडून पाहिला. पंधरा जण, प्रत्येकी दर फेरीला भाडे शंभर आणि वर मानधन दोनशे: १,१७,०००. शिकवणाऱ्यांना दिवसाचे दीड हजार: ३९,०००. एकूण १,५६,०००. आमच्याकडच्या जलशाच्या मंडपाची, स्पीकरची आणि बाहेरच्या वक्त्याच्या गाडीची बिले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही.

हे सगळे मी आत्ता लिहितो आहे कारण आमचे मौलाना गेले. गेल्या रमजानआधी नागपूरकडच्या एका मशिदीने दोन हजार जास्त दिले. जाताना त्यांनी मला भेटून सलाम केला आणि मराठी बाराखडीचे पुस्तक परत केले. 'ढ' पर्यंत पेन्सिलने गिरवलेले होते. तेव्हापासून तात्पुरत्या हाफिजांवर काम चालले आहे. नव्या इमामासाठी कमिटीने व्हॉट्सॲपवर फिरवायचा मजकूर तयार केला, तोच जुना: हाफिज, तजवीद, आवाज. मी त्यात दोन ओळी घातल्या. एक, वर्षभरात कामापुरती मराठी शिकण्याची तयारी असावी, शिकवण्याचा खर्च जमात करेल. दोन, पगार तेरा हजार, नेमणूक लेखी.

सदर हाजी साहेबांनी पहिली ओळ ठेवली. दुसरीवर बोट ठेवून म्हणाले, "मराठी का ठीक है बेटा, पर तेरह हजार कहाँ से लाएँगे, वो हिसाब लेके आ."

मोहल्ल्यात चंदा देणारी चौऱ्याऐंशी घरे आहेत. घरटी महिन्याला पन्नास रुपये जास्त घेतले तर ४,२०० होतात. येत्या रविवारी इशानंतर बैठक आहे. आतापर्यंत अकरा घरांनी हो म्हटले आहे, आमचे धरून.